माफीचा वाफा

कासियानोमामाच्या घरामागे, डुकरांच्या कुंपणाच्या वरच्या अंगाला, सकाऊची सहा झाडं एका ओळीत उभी असायची. ओळीत सकाऊ कुणी लावत नाही. शहाणी माणसं ते डोंगरात, मोठ्या झाडांच्या सावलीत, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं लावतात, आणि कुणी विचारलंच तर "माझ्याकडे कसलं झाड?" म्हणून उलट विचारतात. मामाची सहाच्या सहा झाडं मात्र रस्त्यावरून दिसायची. ती त्याने लावलीच नव्हती. पेर्पामामीने लावली होती, आणि आमच्या वस्तीत त्या ओळीला माफीचा वाफा म्हणत.

आमच्या पोन्पेई बेटावर कुणाला दुखावलं तर नुसत्या शब्दांवर भागत नाही. सकाऊचं झाड मुळासकट उपटून त्याच्या दारात न्यायचं. मोठ्या सपाट दगडावर त्याची मुळं कुटायची, ओल्या सालीत गुंडाळून पिळायची, आणि निघालेल्या, जीभ बधिर करणाऱ्या बुळबुळीत मातकट रसाची करवंटी दुखावलेल्या माणसाच्या हातात द्यायची. तो प्यायला की मिटलं. पुन्हा तो विषय त्याने काढायचा नाही, आपणही काढायचा नाही. म्हणून ज्याला राग धरून ठेवायचा असतो, तो झाड येताना दिसलं की मागच्या दाराने पसार होतो. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरांना मागचं दार आहे.

मामाची जीभ अशी होती, की तिला चार-सहा महिन्यांतून एक झाड लागायचंच.

सुरुवात त्याच्या लग्नातच झाली. मामीच्या वडिलांनी जेवणावळीसाठी भलंमोठं डुक्कर आणलं होतं. सगळे वाखाणत होते. मामाने डुकराकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "देखणं आहे. घराण्यावर गेलंय." लग्नासाठी आणलेलं सकाऊ तिथल्या तिथे माफीसाठी कुटलं गेलं आणि लग्नासाठी दुसरं झाड माझ्या आजीच्या परड्यातून धावतपळत आणावं लागलं. सासऱ्यांनी माफीची करवंटी रिकामी केली आणि म्हणाले, "पोरी, अजून वेळ गेलेली नाही." मामी म्हणाली, "राहू दे बाबा. निदान जेवताना कंटाळा यायचा नाही."

लग्नानंतर महिनाभरात तिने वाफा लावायला घेतला.

शेजारच्या कोर्नेलियोने या वाफ्यातली चार झाडं प्यायली होती. एक त्याच्या नव्या होडीवरून. मामाने विचारलं होतं, "ही कडेला ठेवणार का डुकरांना चारा घालायला?" एक त्याच्या गाण्यावरून, एक त्याच्या जावयावरून. चौथं कशावरून होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी काढता आलं नसतं. कोर्नेलियो सगळ्यांना सांगायचा, "मी आयुष्यात सकाऊ लावलं नाही. गरजच पडली नाही. शेजार चांगला लाभला."

गंमत अशी की झाड वाढवण्यात मामाच्या हाताला तोड नव्हती. जिभेला जो धीर नव्हता तो सगळा बोटांत उतरला होता. मी लहान असताना तो मला डोंगरात न्यायचा. मी त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी, त्यामुळे आमच्या रिवाजाप्रमाणे मला शहाणं करण्याची जबाबदारी त्याची. आई म्हणायची, "झाडं शिकव तिला. बाकी काही शिकवू नकोस."

तो ओलसर उतारावर, रानातल्या मोठ्या झाडाखाली बसायचा आणि कमरेचा सुरा काढायचा.

"हे बघ. दोन पेरांची कांडी घ्यायची. फार कोवळी नको, फार जून नको. आणि अशी आडवी ठेवायची."

"उभी का नाही?"

"उभी खोचली तर कुजते. आडवं पडून आराम केला की मग कोंब वर येतो. माणसाचंही तसंच असतं, पण तुझ्या मामीला पटत नाही."

वर दोन बोटं माती, मातीवर कुजका पाला. पाणी भरपूर हवं पण थांबलेलं नको, म्हणून उतार. ऊन हवं पण पानांतून गाळून आलेलं, म्हणून सावली. तण काढायचं ते हाताने. मुळांजवळ सुरा नेला आणि जखम झाली की झाड आतून काळं पडत जातं. कुंपण नसेल तर डुकरं एका सकाळीत तीन वर्षं खाऊन जातात. मामा हे सगळं सांगत असायचा आणि बोटं माती अशी सारायची जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर ओढावी.

"याला बी नसतं?"

"नसतं. माणसाने कांडी लावली तरच येतं."

"मग पहिलं झाड कुठून आलं?"

मामाने जरा विचार केला. "कुणीतरी कुणाचीतरी माफी मागायला आणलं असणार."

मी बारा वर्षांची असताना त्याने एक कांडी खूप वर, धबधब्याच्या अंगाच्या घळीत लावली. ही वाफ्यातली नाही, असं त्याने मला बजावलं. ही त्याची स्वतःची. पस्तीस वर्षांत त्याने सभाघरात कधीही तीन वर्षांच्या वरचं झाड नेलं नव्हतं. इतर पुरुष सणाला सहा माणसांनी उचललेलं, आठ माणसांनी उचललेलं झाड घेऊन यायचे, आणि मामा आपलं एकट्याच्या खांद्यावर मावणारं. मोठं होईपर्यंत कुठलं झाड टिकेल तेव्हा ना. एकदा तरी, तो म्हणाला, थोरले आपल्या वस्तीत येतील तेव्हा त्यांच्यासमोर असं झाड ठेवायचं की उचलायला बारा माणसं लागतील. थोरले म्हणजे सगळ्या वस्त्यांच्या वरचे आमचे राजे. ते आमच्याकडे आठ-दहा वर्षांतून एकदा येतात.

"तू याच्याशी बोलत का नाहीस? इतर माणसं बोलतात आपल्या झाडांशी." मी एकदा विचारलं.

"वेडी आहेस? बोलता बोलता काही निघून गेलं, तर याची माफी मागायला उपटायचं कुणाला?"

नऊ वर्षं गेली. वाफ्यातली झाडं येत होती, जात होती. घळीतलं मात्र उभं होतं. खोडं मनगटाएवढी, बांबूसारखी पेरापेराची, विड्याच्या पानांसारखी पण पंज्याहून मोठी पानं, आणि घेर इतका की आत मी आणि मामा दोघं बसू शकत होतो.

मग एका रविवारी देवळातून बाहेर पडताना सौमासांनी सांगितलं की थोरले तीन महिन्यांनी येतायत. सौमास म्हणजे आमच्या वस्तीचे प्रमुख. त्यांना नाव आहे, पण ते घ्यायचं नसतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही. मामीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये," मामा म्हणाला. "सराव करतोय."

तीन महिने तोंड सांभाळायचं, म्हणजे वाफा संपणार नाही आणि घळीतल्या झाडाकडे वळायची वेळ येणार नाही, असा बेत होता. मामीने शिकवणी घेतली. संध्याकाळी डुकरांना घालून झालं की दोघं ओट्यावर बसायचे.

"कोर्नेलियो येऊन म्हणाला, वर घळीत तुझं काहीतरी मोठं वाढतंय असं ऐकलं, तर काय म्हणायचं?"

"म्हणायचं, तुझ्या कानांपेक्षा..."

"कासियानो."

"म्हणायचं, काही नाही, एक काटकी आहे."

"हां. आपली वस्तू लहान म्हणायची. कोनफळ दोन माणसांनी उचललेलं असलं तरी बोटभर म्हणायचं. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे काय?"

"म्हणजे दुसरं वाक्य बोलायचं नाही."

"शहाणा."

याच दिवसांत मामी स्वतःही एका कामाला लागली होती. सौमासांच्या बायकोला, म्हणजे प्रमुखबाईंना, थोरल्यांच्या जेवणाला नेसायला एक भरतकामाचा घागरा ती शिवत होती. निळं कापड, खालच्या घेराला लाल-पिवळ्या फुलांची वेल. आमच्याकडे बायका एकमेकींच्या घागऱ्यांवरून माणसं ओळखतात, आणि मामीची वेल लांबूनही ओळखू यायची. दोन महिने ती मशीनवर वाकून होती. एकदा अख्खी बाजू उसवून पुन्हा केली, कारण एका फुलाला पाकळी कमी पडली होती. ती पाकळी तिच्याखेरीज कुणालाही दिसली नसती.

घागरा पूर्ण झाला. रविवारी सभाघरात तो द्यायचा ठरलं. देताना घरच्या पुरुषाने बोलायचं असतं. मामीने आदल्या संध्याकाळी वाक्य पाठ करून घेतलं: हे काही विशेष नाही, पण स्वीकारावं. पाच-सहा शब्द. मामाने ते घोकले. वाटेतही घोकत होता.

सभाघर भरलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत दगडांवर कुटण्याचा खणखणाट चालू होता. मामा उभा राहिला, घागरा दोन्ही हातांवर धरला आणि म्हणाला, "हे काही विशेष नाही."

इथपर्यंत ठीक होतं. लोकांनी माना हलवल्या. कोर्नेलियो चकित होऊन पुढे सरकला. आणि मामाने पाहिलं की लोक आपल्याकडे कौतुकाने बघतायत. नम्रपणासाठी कुणी त्याच्याकडे असं पूर्वी पाहिलंच नव्हतं.

"अगदीच विशेष नाही," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर घागरा म्हणावा की नाही, प्रश्नच आहे. ही फुलं म्हणून काढली आहेत. लांबून बघा, खेकड्यावर कुणीतरी पाय दिल्यासारखं दिसतं."

कुणीतरी खुदकन हसलं.

"ही वेल. सरळ जायला निघाली होती, मध्ये पावसाने रस्ता वाहून गेलेला दिसतोय. आणि शिवणारीची नजर म्हणाल, तर सुईत दोरा घालायला तीन खेपा लागतात. चौथ्या खेपेला ती कापड समजून मलाच टोचते."

आता सगळं सभाघर हसत होतं. कुटणारे थांबले होते. सौमास डोळे पुसत होते. प्रमुखबाईंचे खांदे हलत होते. मामाचा चेहरा उजळला. बोलतोय आणि कुणी दुखावलं जात नाहीये, उलट आपण रिवाजच पाळतोय, असा चमत्कार त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होता. त्याने शिलाई घेतली, बटण घेतलं, कापडाचा रंग घेतला. पंधरा मिनिटांनी तो खाली बसला तेव्हा घामाघूम झाला होता.

पेर्पामामीही हसत होती. दात दिसत होते. मी तिच्या शेजारीच होते, म्हणून मला तिचे हात दिसले. तिने ते मांडीखाली घेतले होते.

"कसं झालं?" घरी जाताना मामाने विचारलं.

"फार छान," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा खाडीतून मासे घेऊन परत आला तर वाफ्यात सहा खड्डे होते. खड्ड्यांवर माती सारखी करून ठेवलेली. कोर्नेलियोच्या बायकोने कुंपणावरून सांगितलं की सकाळी बाजाराची गाडी आली होती, पेर्पाने सहाही झाडं उपटून गाडीत घातली, गाडी कोलोनियाला, शहरातल्या बाजारात गेली. मग मशीन डोक्यावर घेऊन ती भावाकडे गेली.

"मशीन?"

"डोक्यावर."

मामा आमच्याकडे आला. आई नीरफणस भाजत होती.

"मी काय केलं?" तो म्हणाला. "तूच सांग. आयुष्यात पहिल्यांदा नम्रपणा केला."

आईने नीरफणस उलटा केला. "कासियानो, नम्रपणा आपल्या वस्तूबद्दल करायचा असतो."

"मग? माझ्याच घरचा घागरा होता ना."

"तू शिवला होतास?"

मामाने तोंड उघडलं, मिटलं. हा सराव नव्हता.

मामीच्या भावाचं नाव बेनितो. कांदळवनाच्या पलीकडे राहतो, दिवसाला दहाएक शब्द बोलतो. मामाने मला त्याच्याकडे चौकशीला पाठवलं. बेनितो ओट्यावर जाळं विणत बसला होता. आतून मशीनचा आवाज येत होता.

"मामा विचारतो, बाजारातून झाड विकत आणलं तर चालेल का?"

बेनितो आत गेला आणि बाहेर आला. "म्हणते, चालेल. पण पिणार तोच."

मामाने कोर्नेलियोला झाड मागून पाहिलं. कोर्नेलियोने हात पसरले. "दिलं असतं रे. पण तूच सांग, तुझ्या शेजारात राहून मी कशाला लावीन?"

उरलं एकच, घळीतलं. थोरले यायला तीन आठवडे होते.

आईने सरळ हिशोब मांडला. "थांब. आधी थोरल्यांचं होऊ दे. नऊ वर्षं वाढवलंयस. ते झालं की एखादं लहानसं झाड मिळेल कुठूनतरी, मग जा पेर्पाकडे. तीन आठवड्यांत ती काही पळून जात नाही."

"आणि तीन आठवडे मी खायचं काय?"

"आमच्याकडे जेव."

"तुझं जेवण," मामा म्हणाला, आणि आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "उत्तम असतं."

दोन दिवस तो घळीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यामागून गेले. तो झाडाच्या घेरात, खोडांच्या मध्ये बसला होता. पानांतून पाणी टपकत होतं.

"हे थोरल्यांपुढे ठेवलं असतं ना," तो म्हणाला, "तर कोर्नेलियोचं तोंड बघण्यासारखं झालं असतं."

"मग ठेव. आई म्हणते तसं कर."

"बारा माणसं लागतील. मी मोजलंय. कदाचित चौदा." त्याने एका खोडावरची गोगलगाय काढून बाजूला ठेवली. "तुला आठवतं, वाफ्यातलं एक तरी झाड मी लावलेलं?"

"नाही."

"सगळी तिने लावली. मी उपटली. अख्ख्या वस्तीची माफी मी तिच्या झाडांनी मागितली. आता तिची मागायला परत तिचंच कसं नेणार होतो? बरं झालं विकली." तो उठून घेराबाहेर आला. "जा, कोर्नेलियोला सांग. दांडे घेऊन ये म्हणावं. आणि माणसं."

खणायला अर्धा दिवस गेला. मामाने कुणाला लोखंड लावू दिलं नाही. लाकडी दांड्याने आणि हाताने मुळं मोकळी केली, एकेक, जणू जाळ्यातून मासा सोडवतोय. झाड दोन दांड्यांना बांधून उचललं तेव्हा चौदा माणसं लागली. मामा एवढ्या हिशेबातही चुकला नव्हता, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

डोंगरावरून ते रस्त्यावर आलं आणि लोक घरांतून बाहेर आले. पानं दोन्ही बाजूंच्या कुंपणांना घासत होती. समोरून आलेली गाडी मागे घ्यावी लागली.

"अहो, जेवण तर अजून तीन आठवड्यांनी आहे ना?"

"कुणाकडे नेताय हे?"

कोर्नेलियो पुढच्या दांड्याला होता, घामाने निथळत होता, आणि इतका खूश मी त्याला कधी पाहिला नाही. "बाजूला व्हा," तो ओरडत होता, "बाजूला व्हा, मोठा अपराध येतोय."

मामा मागून चालत होता. खाली मान घालून. माफी मागायला जाताना तसंच चालायचं असतं.

सौमास त्यांच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी हाक मारली, "हे आमच्याकडे येणारं होतं ना?"

सगळे थांबले. झाड थांबलं. वस्तीतून एवढं झाड प्रमुखांच्या दारावरून पुढे गेलं, असं कधी झालं नव्हतं.

"होतं," मामा म्हणाला.

"मग आता?"

"आता पेर्पाकडे चाललंय."

सौमासांनी झाडाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, चपला शोधल्या आणि आमच्याबरोबर चालू लागले. त्यांच्यामागे प्रमुखबाई. त्यांच्यामागे जो तो.

बेनितोच्या घराला मागचं दार आहे. मी आधी पुढे पळत जाऊन तेच पाहिलं. ते उघडं होतं, आणि दारात मामी उभी होती, हातात कात्री. तिने रस्त्यावरचा आवाज ऐकला. मग झाड वळणावरून आत आलं, म्हणजे आधी पानं आली, मग बराच वेळ पानंच येत राहिली. मामीने दार लोटून घेतलं आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसली.

दगड मांडले. चार-चार माणसं एकेका दगडाला बसली. कुटण्याचा आवाज खाडीपलीकडे जात होता, कारण होड्या येऊ लागल्या. पहिली करवंटी भरली. नियमाने ती सर्वांत मोठ्या माणसाची, म्हणून ती सौमासांपुढे धरली गेली. त्यांनी ती घेतली, नुसती ओठांपर्यंत नेली आणि मामीकडे पाठवली.

मामा अंगणात, ओल्या मातीत मांडी घालून, मान खाली. माफी मागणाऱ्याने यानंतर बोलायचं नसतं.

मामीने करवंटी हातात धरली. प्यायली नाही.

"चांगलं झाड आहे," ती झाडाकडे बघत म्हणाली. "म्हणजे झाड म्हणावं की नाही, प्रश्नच आहे. पानं जरा पिवळी वाटतायत. नऊ वर्षं याला कुणी पाणी दाखवलं होतं का?"

कोर्नेलियोला खोकला आला.

"खोडं वाकडी आहेत. लावणारा तिरका बसला असणार. आणि मुळं." ती थांबली. "एवढी जाड मुळं मी पाहिली नाहीत. लावणाऱ्याची सगळी अक्कल त्यांच्यात उतरलेली दिसते. वर फार शिल्लक राहिली नसणार."

आता अंगण हसत होतं. बेनितोसुद्धा हसला, त्याने जाळं तोंडापुढे धरलं. आणि प्रत्येक वाक्यानंतर मामी थांबत होती. नीट, पुरेसं थांबत होती, जशी एखादी बाई पाहुण्याला ताटात वाढून थांबते. मी मामाकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते. पायाचा अंगठा मातीत रुतत चालला होता. उत्तर आलं होतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं की आलंय. ते घशापर्यंत आलं, गळ्याची घाटी वर गेली, तिथेच राहिली, आणि खाली गेली.

"काही म्हणायचंय?" मामीने विचारलं.

मामाने मान हलवली. नाही.

तिने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग डोळे मिटून करवंटी पूर्ण रिकामी केली, मनगटाने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं उतरलंय." पुढची करवंटी तिने मामाकडे पाठवली.

संध्याकाळपर्यंत सकाऊ पुरलं. जिभा बधिर झाल्या, माणसं हळू बोलू लागली, होड्या परतल्या. जाताना ज्याने त्याने खोडांच्या कांड्या कापून नेल्या. एवढ्या मोठ्या झाडाची कांडी कोण सोडतो. कोर्नेलियोनेही एक घेतली. मामीने एक जुडगा बांधला, मशीन मामाच्या डोक्यावर दिलं आणि दोघं घरी गेले. सकाळी तिने कांड्या आडव्या पुरल्या, सहा घरामागे, एक वर घळीत. घळीतली पुरताना मामा नुसता बाजूला उभा राहिला, आणि तिने "एवढी माती पुरे का?" विचारल्यावर "अजून थोडी" म्हणाला.

थोरले आले. जेवण झालं. प्रमुखबाई निळ्या घागऱ्यात होत्या आणि बायका त्यांच्यामागून चालत होत्या, वेल नीट दिसावी म्हणून. पुरुषांनी आपापली झाडं आणली. मामाने एका हातात मावेल एवढं कोनफळ आणलं, ते ठेवलं, "काही विशेष नाही" म्हणाला आणि मागे येऊन बसला. यात अतिशयोक्ती नव्हती. कोनफळ खरंच काही विशेष नव्हतं.

जेवण उरकत आलं तेव्हा थोरल्यांनी सौमासांना विचारलं, "बायकोकडे झाड घेऊन गेलेला माणूस कुठला?"

राजाकडे जायचं झाड दुसरीकडे गेलं ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणत्या तोंडाने पोचली असेल, ते कुणाला माहीत. सौमासांनी मामाकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी वळवली. मामा उभा राहिला.

"केवढं होतं ते?"

मामाने मामीकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"लहानसंच होतं," मामा म्हणाला.

चौदा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोर्नेलियोचा हात नकळत खांद्यावर गेला, जिथे अजून दांड्याचा वळ होता. थोरले बराच वेळ मामाकडे पाहत राहिले, मग त्यांच्या पोटापासून हसू निघालं.

"मग असंच एखादं लहानसं झाड आमच्याकडेही आण कधीतरी."

मामाचं तोंड उघडलं. मामीने त्याच्या पोटरीवर हात ठेवला.

"आणीन," तो म्हणाला आणि बसला.

परतताना कांदळवनाच्या वाटेवर त्याने मला हळूच सांगितलं, थोरल्यांना खरं तर तो काय म्हणणार होता. मी हसून चिखलात बसले. ते इथे लिहीत नाही. थोरले सगळं ऐकतात, आणि रोपं अजून वीतभरच आहेत.